तीन नंबरची अँटेना

कंपनीनं डोंगरातल्या जुन्या गाड्या मोडीत काढून नव्या घ्यायचं ठरवलं, तेव्हा मॅनेजरनं एक मोठेपणा केला. गाड्या कंपनी ठरवेल, म्हणाला, पण वायरलेसची अँटेना ज्याची त्यानं पसंत करावी, शेवटी गाडीत बसायचंय त्यालाच. मॅनेजर लोकांना असा मोठेपणा अधूनमधून सुचतो, आणि निस्तरायची वेळ आली की ते मीटिंगमध्ये असतात.

काम होतं विजेच्या उंच मनोऱ्यांचं. मनोरे डोंगरावर, तारा दऱ्यांवरून, आणि कुठे ना कुठे रोज काहीतरी तुटलेलं. दुरुस्तीची माणसं आणि सामान घेऊन गाड्या सकाळी वर जायच्या, संध्याकाळी खाली यायच्या. रस्ता आपला म्हणायला रस्ता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधला एक पट्टा तर इतका चिंचोळा, की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं उलटं मागे जायचं, दुसरा इलाज नाही. मोबाइल तिथे चालत नसे. म्हणून नियम असा, की पट्ट्यात शिरण्याआधी ड्रायव्हरनं वायरलेसवर कंट्रोलला विचारायचं. ‘मोकळं आहे’ असं उत्तर आलं तर पुढे जायचं. उत्तर आलं नाही तर गाडी बंद करून बसून राहायचं, मग दिवस मावळला तरी बेहत्तर.

कंट्रोल म्हणजे ती. पत्र्याच्या छपराची एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर सेट आणि समोरच्या भिंतीवर एक लाकडी फळी. फळीवर रस्ता रंगवलेला, वळणावळणाला खिळा ठोकलेला, आणि खिळ्यांना गाड्यांच्या नंबरांचे पत्र्याचे बिल्ले अडकवलेले. ड्रायव्हर बोलला की तिनं त्याचा बिल्ला उचलून पुढच्या खिळ्यावर टांगायचा. अर्धं आयुष्य ती त्या खुर्चीत बसली होती. सेटवर नुसता श्वास ऐकला तरी कोण बोलणार ते तिला कळायचं. कोणाची झोप झाली नाही, कोण घरून भांडून आलाय, हेही कळायचं. ड्रायव्हर तिला बाई म्हणत. पाच नंबरचा ड्रायव्हर, ज्याला सगळे बुटका म्हणत, तो एकटा वहिनी म्हणे. कारण तीन नंबर चालवायचा तिचा नवरा, आणि तो बुटक्याचा जुना दोस्त होता.

नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. पहिल्यांदा कोणीतरी थट्टेनं म्हटलं असणार, पण त्यानं ते मनावर घेतलं. गाडी तो खरंच छान चालवायचा, त्यात वाद नाही. पण गाडी चालवता येणाऱ्या माणसाला जगातलं बाकी सगळंही येतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

घरात दोघांचं बोलणं संपलं होतं. एकुलत्या एक मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं, आणि त्यानं तिला दारातच सांगितलं, या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. त्या वेळी आई मागे उभी होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या न फुटलेल्या शब्दाचा राग तिनं पुढे फार विचित्र रीतीनं काढला. नवऱ्यानं हाक मारली की ती पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक आली, तिच्यात थोडी चीड आली, की मग म्हणायची, “काय?” एवढंच तिचं बंड. जळलं मेलं ते बंड, पण तिचं स्वतःचं होतं.

सेटवर मात्र पहिल्या हाकेला उत्तर. तिथे तो नवरा नव्हता, तीन नंबर होता.

“कंट्रोल, तीन नंबर. मोठं वळण पार.”

“ठीक, तीन. पुढे दगड आलेत. जपून या.”

जपून या ती सगळ्यांनाच म्हणायची. पण त्यालाही म्हणायची, आणि तो म्हणायचा, “हो, येतो.” दिवसातून आठ-दहा वेळा असं व्हायचं. म्हटलं तर संसार होता तो, फक्त घराऐवजी वायरलेसवर चालायचा.

अँटेना घ्यायला मॅनेजरनं तिलाही दुकानात पाठवलं. म्हणाला, ऐकायचंय बाईंनाच, त्याही असू द्या बरोबर. दुकान लांबट, काळोखं. भिंतीला अँटेना रांगेनं उभ्या केलेल्या, लहानपासून मोठीपर्यंत. उस्ताद सरळ शेवटच्या अँटेनेपाशी गेला. पांढरीशुभ्र, त्याच्या डोक्याच्या वर गेलेली, बुडाशी मनगटाएवढी जाड स्प्रिंग.

“नजर आहे तुमची,” दुकानदार म्हणाला. “याच्यापेक्षा मोठी आमच्याकडेच काय, कुणाकडेच मिळायची नाही. सपाटीवर लावा, पार नजर पोचत नाही तिथपर्यंत बोला.”

“आमच्याकडे सपाटी कुठंय?” ती म्हणाली.

उस्तादनं तिच्याकडे पाहिलं. घरात न बोलणारी बायको दुकानात बोलते, याचं त्याला नवल वाटलं असावं.

“अहो, ही आवाज लांब फेकते ते खरं,” ती म्हणाली, “पण आडवा फेकते, ताटासारखा चपटा. बागेला पाणी घालताना नळीचं तोंड दाबलं की धार लांब जाते, पण चिंचोळी होते ना, तसं. पाणी तेवढंच. गाडी चढावर तिरकी झाली की ते ताटही तिरकं होणार. अर्धं जमिनीत, अर्धं आभाळात. आणि आपली कंट्रोल रूम ना जमिनीत आहे, ना आभाळात.”

दुकानदाराला हसू आलं. “मग वहिनी, तुमची पसंती कुठली?”

तिनं रांगेच्या दुसऱ्या टोकाची हातभर स्टीलची काडी उचलली. “ही. छपराच्या मधोमध. खाली पत्रा असला की आवाज चहूकडे पसरतो, वरही जातो. लांब नाही जायचा, पण दरीतून वर निघेल. जुन्या पाच नंबरला अशीच होती. पार तळातून बोलला तरी खोकला ऐकू यायचा.”

“पाच नंबर!” उस्ताद म्हणाला. “बुटका तो. त्याला ही शोभते. माझ्या गाडीला लावली तर लोक विचारतील, छपरावर काटकी अडकलीय, काढू का?”

दुकानदार म्हणाला, वहिनी म्हणतात त्यात तथ्य आहे तसं. मग उस्तादचा चेहरा पाहून म्हणाला, शेवटी पसंती गिऱ्हाइकाची. व्यापारी माणूस, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

“बरं, मोठी तर मोठी,” ती अजून एकदा म्हणाली, “पण पुढच्या बंपरवर तरी नका लावू. तळातून वर चढताना कंट्रोल तुमच्या पाठीमागे असते. मध्ये अख्खी गाडी येते.”

“तू सेट सांभाळ,” तो म्हणाला. “गाडी मी सांभाळतो.”

अँटेना बंपरवर बसली. पटांगणात गाडी उभी करून त्यानं पहिला आवाज दिला तेव्हा सेट असा दणदणला की शेजारच्या खोलीतला कारकून धावत आला. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. पटांगणातून कंट्रोल रूम हाकेच्या अंतरावर होती, त्यानं नुसती हाक मारली असती तरी तिला ऐकू आलं असतं. पण हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कोण सांगणार?

दरीत व्हायचं तेच झालं. डोंगराच्या वरच्या धारेवरून तीन नंबर स्वच्छ यायचा. तळाच्या वळणावर उतरला, गाडी कलली, की शब्दाचं शेपूट तेवढं यायचं, डोकं नाही. कधी नुसती खरखर. ती सेटला कान लावून बसायची, मान आखडायची, आणि बिल्ला हातात घेऊन कुठल्या खिळ्यावर टांगू म्हणून उभी राहायची.

आणि मग तिनं चूक केली. एका सकाळी तळातून तीनदा आलेली खरखर ऐकून ती वैतागली होती. तेवढ्यात उस्ताद धारेवर पोचला आणि ऐटीत म्हणाला, “कंट्रोल, तीन नंबर. नव्या अँटेनाचा आवाज कसा येतोय, सांगा जरा सगळ्यांना.”

चॅनलवर सगळ्या गाड्या होत्या. तिला माहीत होतं.

“तीन नंबर, धारेवरून झकास,” ती म्हणाली. “दरीत उतरलात की तुमची अँटेना उंटासारखी मान वर करून आभाळाशी गप्पा मारते. आमच्याशी बोलत नाही. दुकानात सांगितलं होतं, ऐकलं नाहीत.”

मग कोणीतरी माइक दाबून धरला आणि अख्ख्या चॅनलवर हसणं पसरलं. बुटका ओरडला, “उंट नंबर तीन, पाणी पिऊन निघा!” त्या दिवसापासून उस्तादचा उंट झाला. पटांगणात तो आला की कोणीतरी मान उंचावून दाखवायचं.

हेच ती घरात बोलली असती तर भांडण झालं असतं, एखादं भांडं आपटलं असतं आणि विषय मिटला असता. पण घरात बोलायची वाट दोघांनी बुजवून टाकलेली, म्हणून ते चॅनलवर बाहेर पडलं. आता त्यानं अँटेना बदलली तर अख्ख्या कंपनीनं म्हटलं असतं, बायकोनं कान पिळला. उस्ताद एक वेळ दरीत गेला असता, पण हे ऐकून घ्यायला तयार नव्हता.

त्यानंतर तो दरीतून एकदाच विचारायचा, फार तर दोनदा. उत्तर आलं नाही तरी गाडी पट्ट्यात घालायचा. पुन्हापुन्हा विचारलं असतं तर ‘ऐकू येत नाही’ असं उत्तर आलं असतं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं असतं. तिला कळायचं ते असं, की बिल्ला मागच्याच खिळ्यावर आणि हा एकदम पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाहून बोलतोय.

“तीन नंबर, पट्ट्याआधी विचारलं नाहीत.”

“विचारलं होतं.”

“मला आलं नाही.”

“मग तुमचं तुम्ही बघा.”

तिनं मॅनेजरला सांगायला हवं होतं. नियम मोडणाऱ्याला त्याच दिवशी घरी बसवत. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तिनं ते पुढे ढकललं. एकदा घरी जेवताना धीर करून म्हणाली, “अहो, ती अँटेना बदला.” कित्येक महिन्यांत तिनं आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. तो ताट सरकवून उठला.

शेवटी जे टळत आलं होतं ते एका भर दुपारी झालं. बुटका खालून वर निघाला होता, मागे चार माणसं आणि तारेची भेंडोळी. पट्ट्याच्या तोंडाशी थांबून त्यानं रीतसर विचारलं. तिनं फळीकडे पाहिलं. तीन नंबरचा बिल्ला वरच्या मनोऱ्याच्या खिळ्यावर होता, आणि त्याच्या पुढचा खिळा थेट तळाच्या वळणाचा. म्हणजे फळीच्या हिशेबानं उस्ताद अजून निघालाच नव्हता.

“मोकळं आहे, पाच. जपून.”

उस्ताद निघाला होता. पट्ट्याच्या पलीकडच्या तोंडाशी, तळाच्या वळणावरून त्यानं दोनदा विचारलंही होतं, पण कंट्रोलपर्यंत खरखरसुद्धा पोचली नव्हती. ऐन आंधळ्या वळणावर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. बुटक्यानं घाबरून गाडी मागे घेतली, मागचं चाक दरीकडच्या कडेवरून सुटलं, गाडी एका दगडाला टेकून अर्धवट लोंबकळली आणि मागे बसलेला एक मजूर बाहेर फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलं, हात दोन ठिकाणी मोडला. जगला, हे त्याच्या बायकोचं नशीब. सेटवर बुटक्याची किंकाळी आली तेव्हा तिनं दुसरी गाडी पाठवली, दवाखान्यात कळवलं, आणि मगच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत चौकशी. मॅनेजर, त्याचा कारकून, बुटका, उस्ताद आणि ती.

“उस्ताद, पट्ट्यात शिरताना विचारलं होतंत?”

“विचारलं होतं साहेब. दोनदा.”

“उत्तर आलं?”

“नाही.”

“मग नियम माहीत असताना पुढे का गेलात?”

उस्ताद खाली बघत राहिला. तिला वाटलं, आता सांगेल. एवढं मोठं झालंय, माणूस मोडलाय, आता तरी ऐट बाजूला ठेवेल. तिला त्याची दयासुद्धा आली. त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“साहेब, हे सांगायचं नव्हतं,” तो म्हणाला. “बायको आहे शेवटी, म्हणून इतके दिवस झाकून घेत होतो. हिला हल्ली नीट ऐकू येत नाही, कधी येतं, कधी नाही. रोजच उत्तर येत नाही. रोज थांबलो असतो तर हिची नोकरी गेली असती. म्हणून आपलं बघून, जपून, जात होतो. घरीसुद्धा तेच आहे साहेब. एका हाकेला ओ नाही, दुसऱ्या हाकेला ओ नाही. तिसऱ्यांदा ओरडावं लागतं. शेजाऱ्यांना विचारा.”

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. बघण्यात राग नव्हता, कीव होती.

“साहेब, त्यांची अँटेना...” ती म्हणाली.

“बाई, सगळ्यात मोठी अँटेना आहे ती. मोठ्या अँटेनानं कमी ऐकू येईल?” मॅनेजरनं तरीही न्याय केल्यासारखं करून कारकुनाला पटांगणात पाठवलं. उभ्या गाडीतून कारकून बोलला आणि कंट्रोल रूम पुन्हा दणदणली. मॅनेजरनं हात पसरले.

“पटांगणात नाही साहेब, दरीत नेऊन बघा.”

“दरीत आधीच एक गाडी लटकलीय. दुसरी कशी नेऊ?”

“पाच नंबरही त्याच चॅनलवर होता. त्याला तरी कुठे ऐकू आलं?”

बुटक्यानं टोपी हातात घेऊन फिरवली. त्यालाही कान चॅनलवर ठेवायचा नियम होता. “इंजिनाचा आवाज होता साहेब,” तो म्हणाला. “मागे माणसं बोलत होती. छातीठोकपणे नाही सांगता येणार.” वहिनीकडे त्यानं पाहिलं नाही.

“बाई,” मॅनेजर मऊ आवाजात म्हणाला, “घरी तीन हाका माराव्या लागतात, हे खरंय का?”

खरं तर होतंच. नाही म्हणायचं तर शेजारी साक्षीला तयार. हो, पण मी मुद्दाम ओ देत नाही, असं म्हणायचं तर का, हा प्रश्न येणार. मग पोरीचं नाव निघणार, बापानं दार लावलं ते निघणार, आणि संध्याकाळपर्यंत पटांगणातला कुत्राही त्यावर मत देणार. आणि त्याच्याही पुढचा प्रश्न तिला आधीच दिसला: घरी मुद्दाम उत्तर देत नाही, तर मग सेटवरही मुद्दामच दिलं नाही का? एका मजुराची हाडं मोडली होती. बहिरी ठरली तर खुर्ची जाणार. ऐकू येतं म्हटलं तर तिनं नवऱ्यावरच्या रागापायी माणूस मारायला काढला, असं ठरणार. तिच्याच बंडाची दोरी त्यानं तिच्या गळ्यात घातली होती, आणि गाठही किती बेतानं मारली होती.

“खरं आहे,” ती म्हणाली.

तिला काढून टाकलं नाही. चांगली माणसं असं करत नाहीत. तिला निरोप दिला, मॅनेजरनं भाषण केलं, आणि भाषण तिला ऐकू जावं म्हणून शेवटपर्यंत ओरडून केलं. उस्तादला ताकीद मिळाली. पण पटांगणात त्याला आता कोणी उंट म्हणेना. बहिऱ्या बायकोला किती दिवस सांभाळून घेतलं बिचाऱ्यानं, असं म्हणायला लागले.

तिच्या खुर्चीत मॅनेजरची भाची बसली. पोरगी वाईट नव्हती, तिनं कुणाचं काही घेतलं नव्हतं.

मग सुरू झालं ओरडणं. शेजारीण दारातून ओरडायची. दूधवाला ओरडायचा. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं की आधी हात हलवायचं आणि मग तोंड मोठं करून एकेक शब्द सुटा सुटा बोलायचं. सुरुवातीला ती म्हणायची, अहो, येतं मला ऐकू. त्यावर लोक एकमेकांकडे बघून हसायचे. बहिरेपण कुणी कबूल करतं का, ही त्या हसण्याची तऱ्हा. लेकीचा फोन आला, तीही ओरडत.

“आई! ऐकू येतंय का तुला?”

“येतंय गं. चांगलं येतंय. मला काही झालेलं नाही.”

“हो आई, सुरुवातीला असंच वाटतं! डॉक्टरांना दाखव! बाबांना सांग, दाखवा म्हणून!”

तिनं फोन ठेवला आणि पदरात तोंड खुपसून रडली. खुर्ची गेली ते एक वेळ सोसवलं असतं. लोकांनी बहिरी ठरवलं, तेही. तिला हवं होतं ते फार थोडं होतं. त्यानं एकदा म्हणावं, तुझं बरोबर होतं. लोकांपुढे नको, मॅनेजरपुढे नको, घरात, चार भिंतींत, दार लावून म्हणावं. तेवढ्यावर ती उरलेला जन्म बहिरी म्हणून काढायला तयार होती.

तो तसं म्हणाला नाही. घरी आला की दार उघडं ठेवून, आळीला ऐकू जाईल असं ओरडून, एकदाच हाक मारायचा. आणि एवढ्या मोठ्या हाकेला ओ न देऊन चालणार कसं? तिचं ते तीन हाकांचं बंडही त्यानं असं सहज काढून घेतलं.

काही दिवसांनी बुटका भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी फिरवत राहिला. अपराध्यासारखा दिसत होता, पण अपराध बोलून दाखवण्याइतकी हिंमत त्याच्यात नव्हती.

“वहिनी!” तो ओरडला. “उस्तादनं अँटेना बदलली! छोटी! एवढी!” त्यानं हात करून दाखवला. “छपरावर! मधोमध!”

“का?” तिनं विचारलं.

“मोठी फांद्यांना लागायची म्हणतो! नवी पोरगी सारखी म्हणायची ना, काका, दरीतून आवाज तुटतोय तुमचा! आता काय स्वच्छ येतो म्हणून सांगू! साहेब म्हणतात, तरुण कान ते तरुण कान!”

“हो का,” ती म्हणाली, आणि त्याला चहा विचारला.

बुटका निघाला. दारात चपला घालताना तो स्वतःशीच, हळू, म्हणाला, “माफ करा वहिनी.” तिला ते लख्ख ऐकू आलं. लोक असेच झालेत आता, तिच्या मनात आलं, माझ्यापुढे खरं हळूच बोलतात.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती खिडकीशी दाराकडे पाठ करून बसली होती. उस्तादच्या कामाच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते लावत होती. तो आला. दार आज त्यानं उघडं ठेवलं नाही. लावून घेतलं, कडीसुद्धा घातली. बूट काढले. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. नुसता श्वास. तो श्वास तिनं सेटवर वर्षानुवर्षं ऐकला होता. माइक दाबून धरलाय आणि काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हाचा तो श्वास होता.

“तुझंच बरोबर होतं,” तो म्हणाला. अगदी हळू, ओठांच्या आत. “दुकानात तू सांगितलंस तीच घेतली शेवटी. छपरावरच लावली. चूक माझी होती. त्या दिवशी मी... तुझं वाटोळं केलं मी.”

सुई तिच्या बोटात गेली. ती हलली नाही. हवं होतं ते सगळं आलं होतं, चार भिंतींत, दार लावून, तिनं मागितलं होतं तसंच. पण ज्या आवाजात ते आलं होतं तो आवाज तिनं ओळखला. ऐकणारं कोणी नाही याची खात्री असलेल्या माणसाचा तो आवाज होता. जगाला ओरडून सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. म्हणजे हे तो तिला सांगत नव्हताच. तिच्या पाठीला सांगत होता.

तरी तिनं त्याला एक संधी दिली. शर्ट मांडीवर ठेवला, हळूच वळली आणि थेट त्याच्याकडे बघून म्हणाली, “काय म्हणालात?”

तो दचकला. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, ऐकलंय की नाही याचा अंदाज घेतला. त्याचे ओठ एकदा उघडले. तिनं श्वास रोखला.

मग त्याच्या खांद्यांतला ताण सुटला. त्यानं हाताचा पेला करून तोंडापाशी नेला आणि ओरडला, “चहा! चहा ठेव म्हटलं!”

ती उठली, आत गेली, तिनं चहा ठेवला. साखर जरा जास्त घाल, असं त्यानं बाहेरून ओरडून सांगितलं. तिनं पाठमोरीच मान डोलावली, बहिरी माणसं डोलावतात तशी.